मिटलेलं पुस्तक आणि कोरा नकाशा

जानेवारीतल्या एका रविवारी पंचवटीत बहिणीकडे गेले होते. भाची दहावीला. भूगोलाचं पुस्तक मांडीवर, हातात पिवळा हायलायटर, आणि पान इतकं रंगलेलं की न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. "मावशी, ब्राझीलचं हवामान माझं तीनदा वाचून झालंय," ती म्हणाली. मी तिला पुस्तक मिटायला लावलं आणि एक पाठकोरा कागद पुढे सरकवला. "ब्राझील काढ. सुबक नको. अजस्र कडा कुठे आणि अवर्षण चतुष्कोन कुठे, तेवढं दाखव." (अजस्र कडा म्हणजे तिथल्या उच्चभूमीची उभी कडा, आणि अवर्षण चतुष्कोन म्हणजे फार कमी पावसाचा चौकोनी प्रदेश.)

बाह्यरेषा तिने बरी काढली. मग पेन थांबलं. थोडा वेळ विचार करून तिने कडा पश्चिमेला, पेरूच्या सरहद्दीवर उभा केला आणि अवर्षण चतुष्कोन थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेऊन ठेवला, जिथे वर्षभर पाऊस कोसळतो तिथे. पुस्तक उघडून पाहिल्यावर तिचे डोळे भरून आले. "अगं, पण मला येत होतं हे!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पान समोर असेपर्यंत तिला ते येतच होतं. बाजारात जुनी शेजारीण समोर आली की चेहरा चटकन ओळखू येतो, नाव मात्र ओठांवर येऊन अडतं, तसंच हे. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचताना आपण प्रत्येक ओळ ओळखत जातो, आणि त्या ओळखीलाच 'पाठ झालं' असं समजतो. परीक्षेत मात्र चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात.

हा फरक किती मोठा आहे ते अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी मोजून दाखवलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासाला दिला होता. एका गटाने तो पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत फक्त वाचला. म्हणजे सरासरी चौदा वेळा उतारा डोळ्यांखालून गेला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात, सरासरी साडेतीन वेळा वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं. चौदा वेळा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. आणि आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असा विश्वास कोणाला जास्त होता? वाचणाऱ्यांना.

मला यातला पाच मिनिटांचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलं पुन्हा पुन्हा वाचतात ती आळशी असतात म्हणून नव्हे. वाचल्यावर लगेच खरंच जास्त आठवतं, म्हणून ती वाचतात. अनुभवच त्यांची फसगत करतो. उलट पुस्तक मिटून आठवायला बसलं की अडखळायला होतं, चुका होतात, काहीच येत नाही असं वाटतं. पण त्या खटपटीनेच वाट रुळते. एकच अट: आठवून झालं की लगेच पुस्तक उघडून ताडून बघायचं, नाहीतर चूकच रुळायची.

आता प्रश्न असा की कोऱ्या कागदासमोर बसून आठवायचं ते कशाच्या आधाराने? सुटी माहिती हाताला लागत नाही, तिला आधी पक्क्या असलेल्या कशाशी तरी बांधावं लागतं. आणि इथे नाशिकच्या मुलांसारखी भाग्यवान मुलं मला दुसरी दिसत नाहीत. भूगोलातली निम्मी 'कारणे द्या' त्यांच्या जिल्ह्यात जागच्या जागी उभी आहेत.

जुलैत मुंबईहून रेल्वेने कसारा घाट चढताना काय दिसतं ते आठवा. डबा ढगात शिरतो, खिडकीची काच पांढरी होते, डोंगरावरून पाण्याचे ओघळ रुळांपर्यंत येतात. इगतपुरी-घोटीला भाताची खाचरं पाण्याने तुडुंब. गाडी नाशिकरोडला पोहोचेपर्यंत नुसती भुरभुर उरते. तिथून सिन्नर-येवल्याकडे निघालं की बाजरी लागते आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो. इगतपुरीला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत आणखी कमी. दोन तासांच्या प्रवासात एवढी घसरण.

कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून आलेला बाष्पाने भरलेला वारा सह्याद्रीला अडतो आणि वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे ती हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते थेंब होऊन घाटमाथ्यावर रितं होतं. हा प्रतिरोध पर्जन्य. पलीकडे उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते, आणि तापली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद वाढते. ढग विरतात. ती पर्जन्यछाया. सिन्नरचा माणूस या छायेतच जगतो. त्याला ही व्याख्या पाठ करायची गरज नाही.

मी भाचीला म्हटलं, आता हेच चित्र आरशात बघ. ब्राझीलला समुद्र पूर्वेला. वारे पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतात, आणि आपल्या मोसमी वाऱ्यांसारखे चार महिने नाही, वर्षभर. वाटेत उच्चभूमीची पूर्वेकडची कडा उभी, तोच अजस्र कडा. मग पाऊस कुठे पडेल? "समुद्र आणि कड्याच्या मध्ये." आणि कोरडं कुठे? तिने क्षणभर कागदाकडे पाहिलं. "कड्याच्या पलीकडे... म्हणजे ह्यांचं सिन्नर पश्चिमेला!" मग ईशान्य ब्राझीलमध्ये, किनाऱ्यापासून आत, तिने चौकोन काढला. त्या चौकोनाला तिने अवर्षण चतुष्कोन हे नाव नंतर दिलं. तिच्या वहीत त्यावर आजही कंसात 'सिन्नर' लिहिलेलं आहे.

असाच दुसरा धागा त्र्यंबकेश्वरला मिळतो. ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत. तरी ती पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठते. जलविभाजक म्हणजे काय, हे पावसाळ्यात तिथल्या धारेवर उभं राहिलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. मग परीक्षेतला नेहमीचा प्रश्न येतो: भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे कमी का? पुराच्या दिवसांत नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर जे तांबूस, गढूळ पाणी दिसतं ती इथल्या शेतांची माती असते. अशीच माती पूर्ववाहिनी नद्या हजारो वर्षं किनाऱ्यावर नेऊन टाकत आल्या, तिचे त्रिभुज प्रदेश झाले, समुद्र उथळ राहिला. मोठं जहाज किनाऱ्याला लागायला खोल पाणी हवं. उत्तर आपल्या घाटावरूनच वाहत जातं.

आकड्यांचंही तसंच. ॲमेझॉन सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते, हे वाचून कोणाच्याही मनात काही उमटत नाही. पण नाशिकचं मूल दर पावसाळ्यात ऐकतं की गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके हजार घनफूट पाणी) सोडले, गोदाकाठच्या दुकानदारांना सामान हलवायला सांगितलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं (गोदेचा पूर किती चढला, ते नाशिककर या मूर्तीवरून मोजतात). ॲमेझॉनचा आकडा क्युसेकमध्ये केला तर सत्तर लाख होतो. मी हे सांगितल्यावर भाचीच्या धाकट्या भावाने खेळ थांबवून विचारलं, "मग तिकडचा मारुती कुठे असेल?" तो सहावीत आहे. त्याला हा आकडा दहावीपर्यंत पुरेल.

भूगोलाकडे आणखी एक गोष्ट आहे जी इतर विषयांकडे नाही, ती म्हणजे नकाशा. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या मेंदूत याच भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की चेततात, जणू 'तू इथे आहेस' म्हणून सांगतात. पुढे २००५ साली नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात जागेची जाळी आखणाऱ्या पेशी मिळाल्या, आणि २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. नवी माहिती, नव्या घटना साठवायलाही हाच हिप्पोकॅम्पस लागतो. 'कुठे' आणि 'काय' यांची मेंदूत अशी जुनी सोयरीक आहे. म्हणून मी मुलांना सांगते, पिकं, खनिजं, वनं, शहरं यांच्या याद्या करू नका. प्रत्येक गोष्ट हाताने नकाशावर ठेवा.

चित्रकला येत नाही ही सबब इथे चालत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो, आणि चित्र चांगलं की वाईट याने फारसा फरक पडत नाही. ब्राझील बटाट्यासारखा झाला तरी हरकत नाही. विषुववृत्त त्याच्या उत्तर भागातून आणि मकरवृत्त दक्षिण भागातून गेलं पाहिजे, बस्स. त्या दोन रेषा बरोबर पडल्या की हवामानाचा अर्धा धडा त्यांच्या मागोमाग येतो.

राहिला प्रश्न केव्हा उजळणी करायची याचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळाची बचत होते ते मोजायचं. तासाभराने ही बचत निम्म्याहून कमी होती, दिवसाने साधारण एक तृतीयांश, महिन्याने एक पंचमांश. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून उजळणी एका रात्रीत कोंबण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केली की टिकते. किती दिवस सोडावेत? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १३५० हून जास्त लोकांवर हे तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर साधारण एका दिवसाचं अंतर फायद्याचं ठरलं. पस्तीस दिवसांवर असेल तर अकरा दिवसांचं. म्हणजे परीक्षा जितकी दूर, तितकं अंतर मोठं, आणि जवळ येईल तसं लहान.

दहावीचा भूगोलाचा पेपर चाळीस गुणांचा, दोन तासांचा, आणि वेळापत्रकात बहुधा सगळ्यात शेवटी येतो. तोवर मुलं दमलेली असतात आणि 'भूगोल काय, आदल्या दिवशी होईल' असं घरातली मोठी माणसंही म्हणतात. माझा याला विरोध आहे. आदल्या दिवशी करायची गोष्ट एकच: वेळेवर झोपणं. झोपेत मेंदू दिवसभरात शिकलेलं पक्कं करतो, आणि जागरण करून आपण नेमकं तेच काम बंद पाडतो.

भाचीसाठी आम्ही फार मोठी योजना केली नाही. पाठकोरे कागद एका पुठ्ठ्याला टाचले. ठरलेल्या दिवशी पुस्तक मिटून एक भारत, एक ब्राझील. त्यात आठवेल ते सगळं भरायचं, सूची करायची, मग पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतःच दुरुस्त करायचं. धडे क्रमाने घ्यायचे नाहीत. एक दिवस लोकसंख्या आणि वनस्पती, दुसऱ्या दिवशी पर्यटन आणि जलप्रणाली. पेपरात प्रश्न मिसळूनच येतात, आणि समोर दिलेल्या आकडेवारीचा रेषालेख काढायचा की जोडस्तंभालेख, हे आधी ओळखावं लागतं. एकाच प्रकारचे दहा आलेख ओळीने काढले की ते ओळखण्याचा सरावच होत नाही. 'कारणे द्या' ची उत्तरं मात्र लिहायची नाहीत, आजीला सांगायची. आजी शाळेत फार शिकलेली नाही, पण "का गं?" हा प्रश्न ती इतक्या वेळा विचारते की कच्चा दुवा लपत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेले तेव्हा पुठ्ठा चांगला जाड झाला होता. पहिल्या कागदावर लालच लाल. शेवटच्या नकाशावर लाल पेनाच्या दोनच खुणा होत्या: साओ फ्रान्सिस्को नदी राहून गेली होती आणि ॲमेझॉनचं मुख विषुववृत्तापासून फार खाली आलं होतं. अजस्र कडा पूर्वेला, जागेवर. पुढचा ब्राझील गुरुवारी काढायचा, असं तिने कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं.