ऑनलाइन खाती व पासवर्ड : व्यवस्था आणि साहाय्य

व्यक्तीच्या नावावरील ईमेल, बँक, गुंतवणूक, शासकीय सेवा आणि समाजमाध्यमे यांच्या खात्यांची नोंद करणे, त्यांचे पासवर्ड निरनिराळे व बळकट करणे आणि एखादे खाते हातचे गेल्यास ते परत मिळविण्याची तरतूद आधीच करून ठेवणे, या कामी जाणकाराकडून घेतल्या जाणाऱ्या मदतीचा विचार येथे केला आहे. अशी मदत घेताना खात्याचा ताबा सर्वकाळ खातेदाराकडेच राहिला पाहिजे, हे या व्यवहाराचे मूळ तत्त्व होय.

पुण्यात ही गरज ज्येष्ठ नागरिकांना विशेष जाणवते. महापालिकेचा मिळकतकर, महावितरणचे वीजबिल, आयकर विवरणपत्र, निवृत्तिवेतनधारकांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेला ‘जीवन प्रमाण’ हा हयातीचा डिजिटल दाखला, २०१५ पासूनचे डिजिलॉकर अशी कितीतरी कामे आता मोबाइलवरून होतात. परंतु अनेक घरांतील मुले परगावी किंवा परदेशी असल्याने कोथरूड किंवा सदाशिव पेठेतील आजी-आजोबांना शेजारचा महाविद्यालयीन मुलगा, सोसायटीतील एखादा आयटीवाला किंवा फोन जेथे घेतला तो दुकानदार यांच्यावर विसंबावे लागते. नवा फोन सुरू करून देताना दुकानातच मेल खाते उघडले जाते, पासवर्ड विक्रेता ठरवतो, तो खोक्यावर लिहून देतो आणि खाते परत मिळविण्यासाठीच्या पर्यायी क्रमांकाच्या रकान्यात कधी कधी स्वतःचाच क्रमांक भरतो. यामागे बहुधा वाईट हेतू नसतो, पण त्या खात्याची एक किल्ली पहिल्या दिवसापासून परक्या हातात राहते. म्हणून मदतीला बसलेल्या माणसाने हा रकाना सर्वांत आधी पाहावा.

काम यादीपासून सुरू करणे हिताचे. कोणते खाते कोणत्या मेलशी आणि कोणत्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आहे, हे कागदावर मांडले की बहुतेक खाती एका मेल खात्यावर आणि एका सिमकार्डावर टेकलेली आहेत, असे दिसून येते. ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्याचा संदेश मेलवर जातो व ओटीपी सिमवर येतो. त्यामुळे ही दोन ठिकाणे सुरक्षित नसतील तर बँकेच्या पासवर्डात कितीही चिन्हे घातली तरी उपयोग नाही. जुना प्रीपेड क्रमांक दीर्घकाळ वापरला नाही तर तो बंद होऊन दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, हे अनेकांच्या ध्यानात नसते. आपल्या नावावर किती सिम आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. बनावट सिम काढून क्रमांक पळविण्याच्या प्रकारांना आळा बसावा म्हणून सिम बदलल्यानंतर ७ दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

पासवर्डाविषयीचा जुना समज, म्हणजे दर तीन महिन्यांनी तो बदलावा व त्यात चिन्हांची गर्दी करावी, आता तज्ज्ञ मानत नाहीत. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत लांबीला महत्त्व दिले आणि कारण नसताना ठराविक मुदतीने बदल करायला लावू नये, असे सुचवले. खरा धोका पुनर्वापराचा असतो. एखाद्या किरकोळ संकेतस्थळावरून फुटलेली मेल व पासवर्डाची जोडी चोर यंत्राच्या साहाय्याने इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतात. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लक्षात राहणे शक्य नसल्याने बिटवॉर्डन किंवा कीपास यांसारखी पासवर्ड व्यवस्थापक साधने वापरली जातात. त्यांत सर्व पासवर्ड कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात राहतात आणि एकच मुख्य पासवर्ड पाठ ठेवावा लागतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वहीत लिहून ती कपाटात कुलपाआड ठेवण्यात कमीपणा नाही. दूर बसलेल्या चोराला ती वही दिसत नाही, आणि सगळीकडे नातवाची जन्मतारीख वापरण्यापेक्षा ती पद्धत पुष्कळ बरी. यूपीआय पिन मात्र वहीतही लिहू नये.

पासवर्डानंतर ओळख पटविण्याची दुसरी पायरी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) लावावी. दर ३० सेकंदांनी बदलणारा अंक देणारे ॲप हे ओटीपीच्या संदेशापेक्षा सुरक्षित मानले जाते, कारण ते सिमवर अवलंबून नसते. गूगल खात्यासाठी मिळणारे १० राखीव संकेतांक (बॅकअप कोड) छापून घरात ठेवावेत. फोन बसमध्ये हरवला की तेच कामी येतात.

मदतनीसाने शेजारी बसून सांगावे आणि टंकन खातेदाराने करावे, ही पद्धत वेळखाऊ असली तरी तीच योग्य. पासवर्ड टाकताना मदतनीसाने नजर दुसरीकडे वळवावी, ओटीपी विचारू नये, आपल्या फोनवर खाते उघडू नये. फोनचा दूरस्थ ताबा देणारे ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नये. काम संपल्यावर खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे ती यादी पाहून अनोळखी नावे काढून टाकावीत. संकोच वाटण्याजोगे यात काही नाही. पुतण्या कितीही विश्वासाचा असला तरी त्याचा फोनही चोरीला जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकालाच सोसावा लागतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी (66C) खाली ३ वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

पैसे गेल्याचे कळताच बँकेला व सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती गोठवता येते. त्यानंतर सायबर पोलिसांकडे जाताना पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ पासून पुण्याहून वेगळे आहे, हे लक्षात घ्यावे.

खातेदाराच्या पश्चात काय, हा प्रश्न घरात सहसा काढला जात नाही. गूगलवर खाते ठरावीक काळ निष्क्रिय राहिल्यास कोणाला कळवायचे व कोणती माहिती द्यायची हे आधीच नोंदवता येते, आणि ॲपलच्या खात्यातही असा वारस-संपर्क नेमता येतो. बँकेच्या बाबतीत मृताचा पासवर्ड वापरून रक्कम काढणे हा मार्ग नव्हे. तेथे नामनिर्देशित व्यक्तीने मृत्यूच्या दाखल्यासह शाखेत दावा करायचा असतो, त्यामुळे यादी करतानाच प्रत्येक खात्यापुढे नामनिर्देशन झाले आहे की नाही, हेही लिहून ठेवावे.