गाडी दोन इंच उचलली, पण शाफ्टचं काय?

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या गॅरेजांत थार, जिप्सी, जिम्नी आणि गुरखा उंच करून घेणाऱ्यांची गर्दी वाढते. मुळशीकडचा चिखल, ताम्हिणीतले ओढे, दगडांनी भरलेल्या गाडीवाटा, सगळ्यांसाठी उंच गाडी हवीच असते. स्प्रिंग कुठली, शॉक अब्सॉर्बर किती लांबीचे, टायर केवढे, यावर तासन्‌तास बोलणं होतं. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जोर चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, विषय मात्र फारसा निघत नाही. खरं तर लिफ्टचा, म्हणजे गाडी उंच करण्याचा, सगळ्यात मोठा ताण त्याच्यावरच येतो.

जिप्सी किंवा जिम्नीसारख्या, डावं-उजवं चाक एकाच आडव्या कण्याने जोडणाऱ्या सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्टमुळे चॅसी वर जाते, अ‍ॅक्सल जागच्या जागी राहतो. त्यामुळे डिफरन्शियलच्या, म्हणजे त्या कण्याच्या मधल्या फुगीर गिअरपेटीच्या, पोटाखालची जागा लिफ्टने तसूभरही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरने, आणि तीही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मी. २८ इंचाच्या जागी ३१ इंचाचा टायर बसवला, तर दगडापासून दीड इंच जास्त अंतर मिळतं. लिफ्टचं काम म्हणजे त्या मोठ्या टायरला जागा करून देणं आणि गाडीचं पोट उंचवट्यावर टेकू न देणं.

चॅसीबरोबर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) वर जातात. त्यांना अ‍ॅक्सलशी जोडणारा शाफ्ट आता जास्त तिरका होतो. किती, ते शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येतं. एक मीटर लांबीच्या शाफ्टचं एक टोक पाच सेंटीमीटर वर गेलं, तर सुमारे तीन अंशांची भर पडते. शाफ्ट अर्धाच मीटर असेल, तर जवळजवळ सहा अंशांची. जिप्सी आणि जिम्नीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मधोमध बसवलेली असते. गाडी मुळात आखूड, त्यात हे शाफ्टही आखूड. म्हणून तेवढीच लिफ्ट लांब गाडीला चालून जाते आणि छोट्या गाडीला भोवते.

तिरकेपणा वाढला की काय होतं, हे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटवर, म्हणजे कोनात वाकूनही फिरणाऱ्या सांध्यावर, ठरतं. गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात, तो हाच. सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञ जिरोलामो कार्डानोचं नाव त्याला चिकटलं आहे, पण त्याचा स्वभाव ओळखला तो इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने. सरळ रेषेत नसलेला असा जॉइंट एका बाजूने एकसारख्या वेगाने फिरवला, तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेरीत ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. १६७६ मध्ये हूकने या चालीचं नातं सूर्यघड्याळाशी जोडून दाखवलं: तबकडीवरची सावलीही दिवसभर सारख्या गतीने सरकत नाही, आणि दोन्हींमागचं गणित एकच. मोटारगाडी जन्माला यायच्या दोनशे वर्षं आधी हे कुणी पाहून ठेवलं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कोन १० अंश असेल तर वेगातला हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास राहतो. २० अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो, म्हणजे कोन दुप्पट आणि त्रास चौपट. ताशी ६० किलोमीटरला, चारच्या आसपास अ‍ॅक्सल रेशो असलेल्या (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार) गाडीचा शाफ्ट सेकंदाला तीसेक फेऱ्या मारतो. म्हणजे हे पुढेमागे होणं सेकंदाला साठ वेळा. चांदणी चौक ओलांडून हायवेला लागल्यावर सीटखालून जी घरघर येते, ती बहुतेकदा हीच. गिअर बदलला तरी ती त्याच वेगाला येत असेल, तर इंजिनावर शंका घेऊ नये.

मूळ रचनेत यावर उतारा असतो. ट्रान्सफर केसचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (शाफ्ट ज्याला जोडलेला असतो तो गिअर) एकमेकांना समांतर ठेवले, तर एका जॉइंटने केलेली गडबड दुसरा जॉइंट पुसून टाकतो. लिफ्टनंतर ही समांतरता बिघडली असेल, तर लीफ स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून पिनियनचा कोन परत जुळवतात. कोन फारच मोठा झाला तर वरच्या टोकाला जोडीचा जॉइंट, म्हणजे डबल कार्डन, बसवावा लागतो. मग नियम बदलतो: समांतरता सोडून पिनियनचं तोंड थेट शाफ्टकडे वळवायचं. पण अगदी शून्य कोनही नको. क्रॉसच्या टोपीतले सुईसारखे बारीक रोलर थोडे तरी फिरले पाहिजेत, नाहीतर ते एकाच जागी ठोकले जातात आणि क्रॉसवर ओळीने खाचा पडतात. टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस संपलं असं समजावं. ओढ्यातून गाडी काढल्यावर ग्रीस निपलवर गन लावणं म्हणूनच महत्त्वाचं.

पुढच्या अ‍ॅक्सलला मात्र खरी ओढाताण आहे. तिथे पिनियन वर वळवला की कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांच्या आसाचा तिरकेपणा) कमी होतो, आणि स्टिअरिंग हायवेवर भरकटायला लागतं. कॅस्टर सुधारावा तर पिनियन खाली जातो. दोन्ही एकाच लोखंडात ओतलेले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी स्टिअरिंगची बाजू घ्यावी आणि शाफ्टचा प्रश्न डबल कार्डनने सोडवावा.

शाफ्ट लांबीलाही कमी पडतो. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचे एकात एक सरकणारे दाते, काही मिलिमीटर बाहेर सरकतात, आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की आणखी. पकड उरत नसेल तर शाफ्ट लांब करून, पुन्हा बॅलन्स करूनच बसवावा. ट्रान्सफर केस खाली घेण्याचा स्वस्त उपायही आहे, पण लिफ्टने मिळवलेली जागा तो परत घालवतो.

नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे हाच कोन सीव्ही जॉइंटवर (कोनातही एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या सांध्यावर) येतो आणि आधी रबरी बूट फाटतात. त्यासाठी पुढचं डिफरन्शियल थोडं खाली उतरवतात.

मोठ्या टायरने गिअरिंगही लांब होतं. २८ वरून ३१ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावते, आणि घाटात दुसऱ्या गिअरला दम लागतो. मूळचा जोर हवा असेल तर ४.१० रेशोच्या जागी साधारण ४.५५ चा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरजोडी) लागतो, आणि तो पुढेमागे दोन्हीकडे सारखाच. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकताच गिअर एकमेकांशी झुंजतात.

कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळे बदल करण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे लावलं. त्यामुळे आरटीओच्या नियमांची चौकशी आधी करावी.

नाना पेठेत स्प्रिंगचा भाव विचारायच्या आधी एक काम करा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. मग मोबाईलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप उघडून फोन आधी ट्रान्सफर केसच्या फ्लँजला, मग शाफ्टला, मग पिनियनच्या फ्लँजला टेकवा. तिन्ही आकडे लिहून ठेवा. लिफ्टनंतर तेच तीन आकडे परत घ्या आणि मेकॅनिकसमोर ठेवा.