राजपुत्र एडवर्डला रिचर्डने भोसकले?

इंग्लंडचा सहावा हेन्री आणि राणी मार्गारेट यांचा एकुलता एक मुलगा एडवर्ड 4 मे 1471 रोजी ट्यूक्सबरीच्या लढाईत मारला गेला. वय अवघे 17. त्याला कैद करून लढाई जिंकणारा प्रतिस्पर्धी राजा चौथा एडवर्ड याच्यापुढे उभे केले, त्याने उर्मट उत्तर दिले आणि राजा व त्याचे भाऊ क्लॅरेन्स आणि रिचर्ड (पुढचा राजा तिसरा रिचर्ड) यांनी त्याला भोसकले, ही कथा शेक्सपिअरच्या नाटकामुळे घरोघरी पोचली.

त्या काळची कागदपत्रे वेगळेच सांगतात. विजयी पक्षाच्या वृत्तांतानुसार तो गावाकडे पळताना रणांगणातच मारला गेला. आता विजेते सोयीचेच लिहिणार, हे खरे. पण पराभूतांबद्दल सहानुभूती असलेला वॉर्कवर्थचा वृत्तांतही मृत्यू रणांगणातलाच सांगतो. शेवटी तो क्लॅरेन्सकडे मदतीची याचना करत होता म्हणे. क्लॅरेन्स त्याचा साडू होता! रिचर्डने वार केल्याचा उल्लेख यांपैकी कुठेही नाही.

राजापुढच्या झटापटीची गोष्ट नंतरच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या बखरकारांनी रंगवली. ट्यूडरांनी गादी रिचर्डला मारून मिळवली होती. त्याच्या माथी आणखी एक खून त्यांना जड नव्हता. राजपुत्र एडवर्डची विधवा अ‍ॅन पुढे रिचर्डचीच राणी झाली, त्यामुळे कथेला आयतेच खतपाणी मिळाले.