अष्टग्रहीची रात्र आणि पानशेतची सकाळ

माझी आजी पुण्यात शनिवार पेठेत राहायची. अष्टग्रहीची गोष्ट ती फार रंगवून सांगे. फेब्रुवारी १९६२. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार, असं देशभर लोक बोलत होते. जागोजागी यज्ञ, अखंड नामजप. ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस धोक्याचे. भूकंप झालाच तर डोक्यावर छप्पर नको, म्हणून वाड्यातली सगळी बिऱ्हाडं थंडीत अंगणात गाद्या टाकून झोपली. शेवटी उजाडलं आणि दूधवाला आला. ‘यज्ञांमुळे टळलं बरं,’ असं म्हणून आजी थांबायची, आणि कुणी विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सांगायला तयार असायची.

आकाशात तेव्हा खरोखर काय होतं? रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सातजण पृथ्वीवरून पाहताना एका चिंचोळ्या पट्ट्यात आले होते. आठवा केतू. केतू हा गोल नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला ज्या दोन बिंदूंपाशी छेदते, त्यांतला तो एक. अमावास्येला सूर्य-चंद्र अशा बिंदूजवळ असले की सूर्यग्रहण होतं. त्या पौष अमावास्येला ते झालंही, पण प्रशांत महासागराच्या बाजूला.

एका दिशेला दिसणारे ग्रह एकमेकांजवळ असतातच असं नाही. गुरू तेव्हा सूर्याच्याही पलीकडे, पृथ्वीपासून सुमारे ९० कोटी किलोमीटरवर होता. भरती-ओहोटी घडवणारी ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झालं की ती आठवा हिस्साच उरते. हिशेब केला तर गुरूची अशी ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे पाच लाखाव्या भागाइतकी भरते. समुद्राच्या लेखी ती अमावास्या इतर कुठल्याही अमावास्येसारखीच होती.

हे गणित तेव्हाही ठाऊक होतं. तरी लोक अंगणात झोपले. त्याला नुसतं अडाणीपण म्हणणं मला पटत नाही.

वाटेत काही काळं, वेटोळं दिसलं आणि दोरीला साप समजून आपण मागे उडी मारली, तर फुकट जाते ती एक उडी. सापाला दोरी समजलो तर जीव जातो. दोन चुकांची किंमत इतकी विषम असली की साप साप म्हणून भुई धोपटणारेच जास्त तगतात, आणि त्यांचीच पोरंबाळं पुढे वाढतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी यासाठी धूर ओळखणाऱ्या गजराचा दाखला दिला. पोळी करपली म्हणून तो वाजला तरी चालतं. खऱ्या आगीत गप्प राहिला तर चालत नाही.

भीतीचा उलगडा यातून होतो. पण त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकाव्याशा का वाटतात? कोविडच्या सुरुवातीला संशोधक कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० जणांची पाहणी केली. जगाचा अंत, परग्रहवासीयांची स्वारी असले चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांनी, आपली त्या दिवसांसाठी मनाची तयारी अधिक होती आणि आपण कमी खचलो, असं सांगितलं. एका पाहणीवरून कारण ठरत नाही. मुळात घट्ट मनाची माणसंच हे चित्रपट पाहत असतील. तरीही अशी गोष्ट म्हणजे संकटाची रंगीत तालीम, हे मला पटतं. तालमीत कुणी मरत नाही, म्हणून ती पुन्हा करता येते.

आणि अष्टग्रहीला तारीख होती. सातच महिने आधी, १२ जुलै १९६१ला, पुण्याने तारीख न सांगता आलेलं संकट पाहिलं होतं. काम पुरतं न झालेलं पानशेत धरण पहिल्याच पावसाळ्यात भरलं आणि खचू लागलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलं. त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बिऱ्हाडं अंगणात झोपली त्या रात्री वाड्याच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून होती. अशा शहराने अष्टग्रहीला कान दिला यात मला नवल वाटत नाही. तारीख कळली की आवराआवर करता येते, आणि ती उलटली की सुटल्यासारखं वाटतं.

आज खगोलशास्त्रज्ञही तारखा देतात. अपोफिस नावाचा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह २०२९मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता डिसेंबर २००४मध्ये २.७ टक्क्यांवर गेली होती. कक्षा आणखी मोजल्यावर ती मावळली, आणि २०२१च्या रडार निरीक्षणांनंतर पुढच्या निदान शंभर वर्षांची काळजी मिटली. आपल्या वेळेनुसार १४ एप्रिल २०२९च्या पहाटे तो जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल. मोजमाप सुधारलं की आपलाच अंदाज बदलायचा, हे या तारखांचं बळ.

अष्टग्रहीची गोष्ट आजीने आम्हाला शंभरदा सांगितली असेल. पानशेतची एकदाही नाही. ती मला वडिलांकडून कळली. जुलैत पावसाचा जोर वाढला की आजी मात्र कुणाशी न बोलता कागदपत्रांची पत्र्याची पेटी माळ्यावर चढवायला लावायची.