मिशन बोर्डिंग (मुलींचं), खान्देश

मिशन बोर्डिंग म्हणजे ख्रिस्ती मिशनने किंवा चर्चने चालवलेली मुलींची निवासी शाळा. खान्देशात हा शब्द जरा सैल वापरतात, शाळेची इमारत वेगळी आणि राहायची वेगळी असली तरी दोन्ही मिळून 'बोर्डिंग'च. पोर बोर्डिंगला आहे म्हटलं की लोक आधी सुट्टी कधी लागते ते विचारतात, कितवीला आहे ते मागून. आणि त्यात चूक काही नाही, कारण इथे आधी बोर्डिंग आलं आणि शाळा त्याच्या पाठोपाठ आली.

मुंबई-नगरकडे हे उलटं होतं. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ ला मुंबईत मुलींची शाळा काढली, नंतर सिंथिया फरार बाईंनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, म्हणजे तिकडे सुरुवात पाटी-पुस्तकापासून झाली. खान्देशात मुली मिशनच्या आवारात आल्या त्या भुकेमुळे. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास प्लेग, आणि त्यातून सावरतोय तोवर १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा म्हणून ज्याला छप्पन्या म्हणतात. याच काळात पंडिता रमाबाईंनी दुष्काळी भागातल्या मुली गोळा करून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तसंच काम छोट्या प्रमाणात बऱ्याच ठिकाणी चालू होतं. आपल्या शेजारी वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने खामगावला मुलींचा आणि अकोल्याला मुलांचा अनाथाश्रम चालवला. पोर जगली, मोठी झाली, आता तिचं करायचं काय, हा प्रश्न आला तेव्हा मग शाळा, शिवण, स्वयंपाक, बायबल असं सगळं एकेक जोडत गेले.

दुसरं कारण रेल्वे. भुसावळ जंक्शन आधीचंच, पण १९०० च्या आसपास तापी खोऱ्यातून सुरतेहून अमळनेर-जळगावकडे येणारी लाईन सुरू झाली आणि नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार ही गावं एका दोरीत ओवली गेली. खान्देशातल्या जुन्या मिशन कंपाउंडची यादी करा आणि बाजूला स्टेशनांची यादी ठेवा, बरीचशी नावं जुळतील. १९०६ ला खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि मिशनचीही वाटणी साधारण तशीच पडली, भुसावळ-जळगाव-चाळीसगाव बाजूला वर सांगितलेलं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर पश्चिमेकडे फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० ला शिकागोत सुरू केलेलं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन (१९४९ पासून याचं नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, लोक नुसतं 'टीम' म्हणतात) आणि स्वीडिश मंडळी. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचं नाही असा प्रोटेस्टंट मिशनांचा आपसातला समजूतीचा मामला होता. कॅथलिक सिस्टरांच्या शाळा हा वेगळा धागा आहे, तो रेल्वे कॉलनीच्या इंग्रजी शाळांकडे जातो, इथे तो विषय नाही.

आत आयुष्य कसं होतं हे मला जास्त माहीत आहे ते आत्यामुळे. ती नवापूरकडच्या एका बोर्डिंगात होती, १९६० च्या दशकात. तिची पत्र्याची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे, झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर, आणि ती सांगते की पोरींना नावापेक्षा नंबरनेच हाक मारायचे कारण एका वर्गात एकाच नावाच्या चार-पाच पोरी असायच्या. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहाटे तो वाजला की आधी झाडलोट, मग प्रार्थना, मग पाळीप्रमाणे दळण-निवडण, ज्यांची भाकरीची पाळी त्यांना अभ्यासाला सूट नाही. फी पैशात देणारे थोडे, बाकीचे जूनमध्ये ज्वारीचं पोतं आणि थोडी तूर आणून टाकायचे. मेट्रनबाई पोत्यात हात घालून तळाची ज्वारी वर काढून बघायच्या, किडकी निघाली तर बापासमोरच बोलायच्या. रविवारी डोक्याला तेल, उवांची तपासणी, दोन वेण्या, मग देवळात. देऊळ म्हणजे चर्च, आमच्याकडचे जुने ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतात.

भाषेचं मात्र अवघड होतं. पोरी घरून मावची, भिली, कोकणी (ही इथल्या आदिवासींची, गोव्याकडची नव्हे) किंवा अहिराणी घेऊन यायच्या आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी, तीही बायबलच्या वळणाची. आत्या आजही रागावली की अहिराणीत बोलते आणि प्रार्थना करताना असं शुद्ध मराठी की एखाद्या पुणेकराने मान डोलवावी. यात काहीतरी हरवलं असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं, पण याच खान्देशात असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) अक्षरओळख नव्हती आणि त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या, हेही त्याच तराजूत घालावं लागतं.

बोर्डिंगं वाढली ती मात्र नोकरीमुळे. ब्रिटिश काळात सातवीनंतरची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली की पोरगी प्राथमिक शाळेत मास्तरीण होऊ शकायची, आणि दुसरी वाट नर्सिंगची, मिरजेसारखी मिशन हॉस्पिटलं होतीच, पुढे १९४० च्या दशकात चिंचपाड्यालाच हॉस्पिटल झालं. पांढरे कपडे घालून महिन्याचा पगार आणणारी एक पोर गावात आली की पुढच्या जूनला त्या गावातून तीन पेट्या यायच्या. १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून (इंग्रजांचं शिक्षणाचं धोरण) अनुदानाची पद्धत होती, म्हणून मास्तरांच्या पगाराचा काही भार सरकारवर जायचा, पण जेवणाचा खर्च मिशनलाच काढावा लागायचा आणि ही कसरत शेवटपर्यंत सुटली नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू कमी झाले, व्हिसा मिळेनात, आणि कारभार इथल्या चर्चच्या ट्रस्टांकडे आला. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिला, आणि कलम २८(३) ने असंही सांगितलं की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या किंवा पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही. धर्मांतराचा वाद बोर्डिंगाभोवती कायम राहिला आणि तो खोटा नाही, सुरुवातीच्या अनाथ मुली ख्रिस्ती म्हणूनच वाढवल्या गेल्या. नंतरच्या पोरींचं चित्र मिसळलेलं आहे, कितीतरी जणी दहा वर्षं भजनं म्हणून घरी गेल्या आणि होळीच्या भोंगऱ्या बाजारात नाचल्या.

एक गोष्ट बाहेरच्या लोकांना कळत नाही ती जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून नंदुरबारकडची भिल्ल किंवा मावची मुलगी ख्रिस्ती असली तरी तिचा दाखला आणि स्कॉलरशिप राहते. १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीला मात्र धर्माची अट आहे (आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध जोडले गेले), म्हणजे जळगावकडची दलित ख्रिस्ती मुलगी तीच फी भरते पण त्या सवलतीत बसत नाही. एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी झोपणाऱ्या दोन पोरी, एकीचा फॉर्म पुढे जातो आणि एकीचा परत येतो, हे समजावून सांगायची पाळी क्लार्कवर यायची.

पुढे १९७२-७३ पासून राज्य सरकारच्या आश्रमशाळा आल्या, २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं, सगळं फुकट. मग सरकारच्या मानव विकास योजनेतल्या एसटी बसगाड्या शाळेच्या मुलींसाठी सुटू लागल्या. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी शाळा भरलेली आणि बोर्डिंगच्या खोल्या निम्म्या रिकाम्या, काही ठिकाणी तिथे आता इंग्रजी मीडियमचे वर्ग भरतात. तरी ती बंद पडली नाहीत. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सगळ्यात खाली, आणि यामागे शाळा नसणं हे एकच कारण नाही. दिवाळी झाली की नवापूर-साक्री-अक्कलकुवा बाजूची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतकडे जातात ती थेट उन्हाळ्यात परततात, आणि मोठी मुलगी सोबत गेली तर धाकट्याला सांभाळायला आणि चुलीला जुंपली जाते. तेव्हा घरात प्रश्न एकच असतो, पोरले कोठे ठेवू. छप्पन्यात हाच प्रश्न होता, फक्त तेव्हा विचारायला मायबाप उरले नव्हते.

म्हणून या बोर्डिंगांचं कॅलेंडर थोडं विचित्र आहे. दिवाळीच्या सुट्टीला पोरी घरी जातात, त्या परत येतात तेव्हा आईबाप ट्रकमध्ये बसतात. नाताळच्या सुट्टीला घराला कुलूप असतं. मग मेट्रन त्या आठ-दहा पोरींसाठी मेस चालू ठेवते, गावातलं कुणीतरी डोनट-करंज्या आणून देतं, आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये सगळ्या गाद्या एकमेकींना चिकटवून झोपतात.