बिअरची ‘ग्रॅव्हिटी’ : पार्श्वभूमी

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आता छाटणीच्या कात्रीइतका ओळखीचा आहे. मणी चुरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि म्हणायचं, ‘अठरा भरली.’ त्यामुळे नाशिकमध्ये कुणाला बिअरची ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड आहे तो आकडा, समजावून सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे ब्रिक्सच ना?’ (ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर.) यीस्ट पडेपर्यंत हे बरोबर आहे. यीस्ट पडल्यावर ते चुकतं. ते का चुकतं, हे कळायला हा आकडा कुठून आला ते पाहावं लागतं.

द्रवात तरंगणारी, खुणा केलेली नळी, म्हणजे हायड्रोमीटर, इसवी सनाच्या ४०० च्या आसपास अलेक्झांड्रियात माहीत होती. बिअरच्या पिंपात मात्र ती अठराव्या शतकात, इंग्लंडमध्ये उतरली. १७८४ साली हल शहरातल्या एका बिअर उत्पादकाने या मोजणीवर पुस्तक काढलं आणि व्यवसायाचा हिशेबच बदलला. तोवर गडद तपकिरी मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) स्वस्त म्हणून वापरलं जाई. नळीने दाखवलं की फिक्या मॉल्टमधून साखर कितीतरी जास्त निघते, म्हणजे स्वस्त माल खरं तर महाग पडत होता. मोठे कारखाने फिक्या मॉल्टकडे वळू लागले, आणि बिअरचा काळा रंग आणायचा कशाने हा नवाच पेच उभा राहिला. १८१७ साली करपेपर्यंत भाजलेल्या मॉल्टचं पेटंट निघालं ते त्यातूनच. एका नळीमुळे पेयाची चव बदलली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात विलक्षण वाटतं.

नंतर सरकारलाही ही नळी उपयोगी पडली. १८८० मध्ये ब्रिटनने मॉल्टवरचा कर काढून तो थेट वर्टवर, म्हणजे न आंबलेल्या गोड काढ्यावर लावला. प्रमाण धरली १.०५७ ही ग्रॅव्हिटी. मॉल्ट वापरण्याची सक्ती संपली, साखरेबरोबर मकाही चालू लागला, आणि बार्ली पिकवणारे शेतकरी चिडले. त्यांची तक्रार मला रास्तच वाटते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की आंबण्याआधीचा आकडा हीच बिअरची ओळख ठरली. ब्रिटनमध्ये हा हिशेब १९९३ पर्यंत टिकला, मग कर तयार बिअरमधल्या अल्कोहोलवर आला. घरगुती बिअरच्या पाककृतीत आजही सर्वात वर ‘ओजी’, म्हणजे सुरुवातीची ग्रॅव्हिटी लिहितात. त्या सवयीमागे करवसुलीची ही शंभरहून अधिक वर्षं आहेत.

आता शब्दांचा गुंता. ग्रॅव्हिटी म्हणजे इथे गुरुत्वाकर्षण नव्हे. शाळेच्या पुस्तकातलं ‘विशिष्ट गुरुत्व’ किंवा ‘सापेक्ष घनता’, तेच हे. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर २८ दाखवतो, त्याचा अर्थ १.०२८. बिअरवाले त्याच रीतीने १.०४८ ला ‘अठ्ठेचाळीस पॉइंट’ म्हणतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी तपासायची नळीही याच कुळातली. इथवर सोपं आहे.

युरोपात मात्र पाण्याशी तुलना करण्याऐवजी ‘शंभर ग्रॅममध्ये साखर किती’ असं विचारलं गेलं. १८४३ साली प्राग शहरात रसायनशास्त्रज्ञ कार्ल बॉलिंगचं मापन आलं, पुढे ते सुधारून ब्रिक्स, आणि १९०० च्या सुमारास आणखी नेमकं करून प्लेटो. तिन्ही एकाच गोष्टीचे आकडे, फरक बारीक दशांशांचा. ब्रिक्स साखर कारखान्यांनी आणि फळवाल्यांनी उचललं, प्लेटो बिअरवाल्यांनी. साधारण १ प्लेटो म्हणजे ४ पॉइंट, म्हणून १२ प्लेटो आणि १.०४८ एकच. द्राक्षाचा रस असो वा वर्ट, न आंबलेल्या द्रवात ब्रिक्स आणि प्लेटो अदलाबदल करून वापरले तरी बिघडत नाही.

बिघडतं ते अल्कोहोल तयार झाल्यावर. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं (घनता सुमारे ०.७८९), म्हणून नळी जास्त खोल बुडते आणि साखर आहे त्याहून कमी दिसते. रिफ्रॅक्टोमीटरचं उलट. तो प्रकाश किती वळला ते पाहतो, आणि अल्कोहोल प्रकाशाला पाण्यापेक्षा जास्त वळवतं, म्हणून तिथे साखर आहे त्याहून जास्त दिसते. १२ प्लेटोची बिअर पूर्ण आंबून १.०१० वर आली, तर नळी अडीच प्लेटो सांगते आणि रिफ्रॅक्टोमीटर जवळपास सहा. खरा उरलेला अंश असतो सव्वाचारच्या आसपास. म्हणजे दोन्ही उपकरणं चोख असून दोन्ही आकडे खरे नाहीत. बॉलिंगने हे तेव्हाच ओळखलं होतं आणि साखरेतली ‘दिसणारी’ व ‘खरी’ घट वेगळी मोजायचं सूत्र दिलं होतं. या उदाहरणात दिसणारी घट ७९ टक्के, खरी ६५.

मी हे इतकं लांबवतोय कारण हीच चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. द्राक्षात हात मुरलेला एक माणूस आंबणाऱ्या टाकीतला थेंब काचेवर टाकून ‘अजून आठ ब्रिक्स आहे’ म्हणत चार दिवस थांबला होता. ती वाइन कधीच कोरडी झाली होती, म्हणजे तिच्यातली साखर संपली होती, नळी शून्याच्याही खाली गेली असती. बागेतलं उपकरण बागेत अचूकच होतं. टाकीत त्याला दुरुस्तीचं गणित लागतं, आणि ते कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

घरगुती बिअरचा छंद या इतिहासात उशिरा येतो. १८८० च्याच कायद्याने ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागू लागला, तो १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत संघीय पातळीवर १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. इथे हे ज्ञान उपयोगी पडतं ते वायनरीत, मायक्रोब्रुअरीत किंवा शिकणाऱ्यांना.

छंद पसरला तसा नळीचा अर्थही बदलला. कर मोजायला आलेली नळी आता ‘आंबणं संपलं का?’ याचं उत्तर देऊ लागली. बाटली लवकर बंद केली तर उरलेले दर दोन पॉइंट जवळपास बाटलीच्या आकारमानाइतका वायू आणखी तयार करतात. पाच-सहा पॉइंट उरले तर काच फुटू शकते. म्हणून सलग दोन-तीन दिवस तोच आकडा येईपर्यंत झाकण लावायचं नाही, हा नियम रूढ झाला. बुडबुडे थांबले एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

ग्रॅव्हिटी ‘नियंत्रित’ करतात म्हणजे काय, हेही बरेचदा उलटं समजतात. आंबताना आकडा पकडून ठेवता येत नाही. तो बराचसा आधीच ठरलेला असतो. दळलेलं मॉल्ट ६३ ते ६५ अंशांच्या पाण्यात ठेवलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि शेवटचा आकडा खाली येतो. ६८ ते ७० अंशांवर ठेवलं तर बिअर अंगाने जड राहते. त्यानंतर हातात उरतं ते यीस्टची जात, तिचं प्रमाण आणि खोलीचं तापमान.

नाशिकच्या मे महिन्यात तर मोजण्याच्या वेळचं तापमानही आडवं येतं. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांना प्रमाणित असतो, जुने १५.६ ला. नमुना ३० अंशांचा असेल तर पहिल्यात दोन-अडीच पॉइंट आणि दुसऱ्यात तीन पॉइंट मिळवावे लागतात. ३५ अंशांना पहिल्यातच चारेक. नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, ते वेगळं. नमुना हलवून वायू काढायचा, नळी बोटांनी गरकन फिरवायची आणि मगच वाचायचं. गेल्या दशकभरात टाकीत तरंगत राहून कलण्याच्या कोनावरून फोनवर आकडा पाठवणारी उपकरणं आली आहेत. घट कशी चालली आहे हे ती छान दाखवतात, पण फेस आणि यीस्ट चिकटलं की तीही सरकतात, त्यामुळे बाटली भरण्याआधी काचेची नळी अजूनही काढावी लागते.