आरंभीचे इस्लामी शिक्षण आणि विज्ञान

इसवी सनाच्या सातव्या ते अकराव्या शतकांत इस्लामी जगात घडत गेलेली अध्ययन-अध्यापनाची परंपरा आणि तिच्या आधाराने वाढलेले गणित, ज्योतिष (खगोलविज्ञान) व वैद्यक. मुले ‘कुत्ताब’ या प्राथमिक शाळेत अक्षरओळख व कुराणपठण शिकत. पुढचे शिक्षण मशिदीत, गुरूभोवती कोंडाळे करून बसणाऱ्या ‘हल्क्या’त होई. विद्यार्थ्याने ग्रंथ गुरूसमोर वाचून त्याचे ज्ञान सिद्ध केले, की तो ग्रंथ इतरांना शिकविण्याची परवानगी, म्हणजे ‘इजाजा’, त्याला मिळे. ही परवानगी संस्थेची नसून त्या गुरूची असे आणि या परंपरेचे मर्म नेमके येथेच आहे. नामवंत गुरूच्या शोधात विद्यार्थी शहरोशहरी हिंडत व ग्रंथांच्या नकलाही त्यांच्याबरोबर दूरवर पोहोचत. आठव्या शतकापासून कागद उपलब्ध होत गेल्याने या नकला स्वस्त झाल्या.

खलीफा अल्-मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसविले. त्याच्याच कारकिर्दीत भारतीय ज्योतिषगणित ‘सिंदहिंद’ या नावाने अरबीत आले. त्यात सातव्या शतकातील भारतीय गणितज्ञ ब्रह्मगुप्त याच्या परंपरेचा वाटा मोठा होता. खलीफा अल्-मामूनच्या (कारकीर्द ८१३–८३३) काळातील बगदादच्या ‘बैत अल्-हिकमा’चे (ज्ञानगृहाचे) वर्णन अनेकदा विद्यापीठ असे केले जाते, परंतु त्यासाठीचा समकालीन पुरावा तुटपुंजा असून ते मुख्यतः राजग्रंथालय असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. भाषांतराला दरबाराइतकाच धनिकांचाही आश्रय होता. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याचे ग्रंथ अनुवादणारा हुनैन इब्न इस्हाक नेस्टोरियन या पौर्वात्य पंथाचा ख्रिस्ती होता, तर गणितज्ञ साबित इब्न कुर्रा हर्रान या शहरातील साबी या ग्रहपूजक पंथाचा. अरबीतील विज्ञान एकाच धर्माच्या लोकांनी उभारलेले नाही, हे विसरता कामा नये.

बगदादला १०६७ मध्ये सुरू झालेल्या निजामिया मदरशात (उच्च धर्मशिक्षणाच्या संस्थेत) भर धर्मशास्त्रीय कायद्यावर होता. गणित व तत्त्वज्ञान बव्हंशी खाजगी गुरूंकडे, तर वैद्यक घराण्यांतून आणि ‘बीमारिस्तान’ या रुग्णालयांतून शिकले जाई. मात्र धर्माचरणानेच विज्ञानापुढे काटेकोर प्रश्न ठेवले: नमाजाच्या वेळा, मक्केची दिशा, वारसाहक्काची वाटणी. नवव्या शतकातील गणितज्ञ अल्-ख्वारिज्मी याच्या बीजगणितावरील ग्रंथाचा मोठा भाग वारसावाटपाच्या उदाहरणांनी व्यापलेला आहे. पुढे चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा ठरविणारा खगोलज्ञ, म्हणजे ‘मुवक्कित’, इब्न अल्-शातिर याने चंद्रगतीचे जे गणिती प्रारूप मांडले, त्याच्याशी सोळाव्या शतकातील युरोपीय खगोलज्ञ कोपर्निकस याचे प्रारूप जवळजवळ तंतोतंत जुळते.